नेवरीची रास

कुत्रीची पत्रिका खिशात घालून फेरीबोटीत बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? नाही ना? मग आज पाहून घ्या. आणि आधी चहा संपवा. मधेच हसलात तर नाकातून येईल.

ते पत्र आलं तो अगदी साधा शनिवार होता. सकाळची शाळा आटोपून मी सर्वणला घरी आलो. आठवीच्या व्याकरणाच्या वह्या टेबलावर टाकल्या, भात चढवला, तेवढ्यात पोस्टमनने अंगणातून हाक मारली. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मराठी की कोकणी हा वाद कायद्याने मिटला होता म्हणे, पण डिचोलीच्या बसस्टँडजवळ बाबीच्या चहाच्या दुकानात हे कुणी कळवलंच नव्हतं. तिथे तो रोज नव्याने सुरू व्हायचा. मी मराठीच्या बाजूचा. मराठीचा मास्तर, दुसऱ्या कुठल्या बाजूला बसणार?

त्याच आठवड्यात मी तिथे टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, "कोकणीतला मला न कळणारा एक शब्द दाखवा. एकच! उद्यापासून शिकवणं सोडतो!"

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मला ते विसरायचं आहे, पण तुम्ही ठेवा.

घरात तेव्हा मी आणि नेवरी, दोघंच. माझी पत्नी शालन जाऊन पाच महिने झाले होते. नेवरी ही तिची कुत्री. घाटावरच्या मंडळींनी नेवरी म्हणजे करंजी समजावं. झोपली की अशी दुमडून झोपायची, की फक्त तळायची बाकी! हातभर लांबी, पांढरे लांब केस, झुपकेदार शेपटी, एक कान उभा आणि एक पडलेला. शिरगावच्या एका घरी लाकडांच्या खोपीत ती जन्मली, आणि शालनने तिला पदरात घालून आणलं.

शालन गेल्यावर नेवरीने खाणं टाकलं. म्हणजे जगण्यापुरतं चाटायची, बस. दूध ठेवलं, मासळी ठेवली, पाव कुस्करून ठेवला. मी समोर बसून समजावलं, "नेवरी, जेवून घे. उपाशी राहू नये." ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "रोग काही नाही. तिला सोबत बघा."

हाताला तिच्या फासळ्या लागायला लागल्या होत्या. शालनने हाताने वाढवलेला तेवढा एकच जीव घरात उरला होता, आणि तोही माझ्या देखत जाणार अशी चिन्हं होती. हे मी कुणापाशी बोललो नव्हतो.

तर, पत्र. हरमलहून आलेलं. दोना एर्मेलिंदा नावाच्या बाईंचं. शालन मुलगी असताना म्हापशाला ज्यांच्याकडे शिवण शिकली, त्या या बाई. आता सत्तरीच्या पुढे गेलेल्या आणि हरमलला भावाकडे राहणाऱ्या. पत्र कोकणीत, तेही रोमी लिपीत. मी एकेक अक्षर लावून वाचलं. "शालनाची खबर म्हाका आतां कळ्ळी," असं सुरू करून त्यांनी लिहिलं होतं की शालनने मागे कळवलं होतं, आपलं सुणें, म्हणजे कुत्रं, अगदी तुमच्या बिजूसारखं दिसतं. बिजूसाठी त्या जोडीदारीण शोधत होत्या. पण पुढे होतं, "बिजू व्हडा राशीचो. तुमच्या सुण्याची रास बरी आसल्यार आयतारा घेवन येयात. एक पील तुमकां दितां."

आयतार म्हणजे रविवार, पील म्हणजे पिल्लू. आणि रास!

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. रासच होती. मी थक्क झालो हो! हरमलची ख्रिस्ती बाई, आणि कुत्र्याची सोयरीकसुद्धा रास बघितल्याशिवाय करत नाही! चारशे-साडेचारशे वर्षं पोर्तुगीज इथे बसले, आणि काय बदलू शकले? काही नाही! माझा ऊर भरून आला.

तुम्ही म्हणाल, मास्तर, शंका नाही आली? आली ना! पण विचारणार कोणाला? बाबीच्या दुकानात? "हा कोकणी शब्द काय हो?" असं? टेबलावर आपटलेला हात अजून दुखत होता.

उलट संध्याकाळी मी स्वतःहून तिथे गेलो. समोर रोहिदास बसला होता. खाणीच्या कचेरीत कारकून, आणि कोकणीचा कट्टर कैवारी. मी चहा मागवला आणि सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "आपली संस्कृती बघा. हरमलची एक किरिस्तांव बाई मला लिहिते, रास जुळली तरच सोयरीक."

रोहिदासचा कप अर्ध्यावर थांबला. "सोयरीक?"

"हो. सोबत नको का? घरात पाच महिने अन्नावर वासना नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, जोडीदार बघा."

दुकान एकदम गप्प झालं. मला वाटलं, मुद्दा पटला.

बाबी मूळचा सावंतवाडीकडचा. तो भट्टीवरून हळूच पुढे आला. "मास्तरानू," त्याचा आवाज जड झाला होता, "एकट्यान रवणा कठीण असता, माका म्हायत असा. पण वरीस तरी होवक देवचा होता."

"उशीर करून चालणार नाही बाबी. वय निघून जातं."

"आणि किरिस्तांव?"

"त्याला काय झालं? मन मोठं ठेवावं."

रोहिदास, जो माझ्या एकाही वाक्याला दोन वर्षांत 'बरोबर' म्हणाला नव्हता, तो उठला आणि त्याने माझा हात हातात घेतला. "मास्तर, तुमी इतले सुदारिल्ले आसात, म्हाका खबर नासलें." मीही मान तुकवली. संस्कृतीच्या मुद्द्यावर एवढा निर्विवाद विजय मला कधीच मिळाला नव्हता.

तिथून तडक जोशीबुवांकडे.

बुवांनी पंचांग उघडलं, पाटीवर पेन्सिल टेकवली. "वधूचं नाव?"

"नेवरी."

"लाडकं नाव नको. पाळण्यातलं सांगा."

"तेच. पाळणा नव्हता. खोपीत जन्मली."

बुवांनी चष्म्यावरून पाहिलं. "गरिबाची आहे का? असो. वय?"

"चार वर्षं."

पेन्सिल खाली पडली. मग मात्र मला सगळं सांगावं लागलं. बुवा बराच वेळ छताकडे बघत बसले. मला वाटलं, आता हाकलतात. पण तसं काही झालं नाही. विद्येचा माणूस! म्हणाले, "शास्त्रात कुठे मनाई वाचल्याचं आठवत नाही." आणि बसले मांडायला.

"जन्मवेळ नाही, तेव्हा नावावरून घेऊ. 'ने'. अनुराधा नक्षत्र, चौथा चरण. रास वृश्चिक. गण देव. योनी मृग."

"बुवा, ती कुत्री आहे."

"घरी कुत्री असेल. पत्रिकेत मृग." ते जरा दुखावले. "वराचं नाव?"

"बिजू."

"बी म्हणजे वी धरू. रोहिणी. वृषभ." बुवांनी बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मास्तर! वृषभ आणि वृश्चिक, समसप्तक! नाडी वेगळी! अहो, माणसांत इतकं जुळलेलं मी दहा वर्षांत पाहिलं नाही!"

जाड कागदावर त्यांनी कुंडली काढली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. तो कागद हातात घेताना माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

रविवारी सकाळी नेवरीला शालनच्या कापडी पिशवीत बसवलं, धुतलेला सदरा घातला आणि डिचोलीच्या बसस्टँडवर आलो. बघतो तर बाबी हातात अबोलीची वेणी घेऊन उभा, आणि शेजारी रोहिदास नवा शर्ट घालून.

"मास्तरानू, रिकाम्या हातान जावक नये. ही वेणी तेंका देवा. आमी येव सोबतीक?"

"नको, नको. पहिल्यांदा एकट्यानेच बघून येतो."

तेवढ्यात पिशवी हलली. बाबी वाकला. "ह्याच्यात काय असा?"

"वधू," मी म्हणालो.

बाबीने पिशवीत पाहिलं. नेवरीने बाबीकडे पाहिलं. मग बाबीने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. रोहिदास मागे फिरून फलाटाच्या खांबाला कपाळ टेकून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी घाईघाईने म्हापशाच्या बसमध्ये चढलो. खिडकीतून बाबीचा आवाज आला, "सोयरीक कुत्र्याची रे! आणि माझो रातभर डोळो लागाक नाय!"

तेव्हा मला कळलं, आदल्या दिवशी त्या दुकानात नेमकं काय झालं होतं. शालनला हे कळलं असतं तर ती आठवडाभर हसली असती.

पण किस्सा इथे संपला असं समजू नका. खरी फजिती नदीपलीकडे होती.

म्हापसा, शिवोली, तिथून फेरीने चोपडे, मग हरमल. फेरीत माझ्या एका हातात वधू, दुसऱ्यात वेणी, खिशात पत्रिका.

दोना एर्मेलिंदांचं घर माडांत होतं. पुढे बाल्कांव, म्हणजे बसायला कट्टे असलेला ओटा. बाई किडकिडीत, ताठ, पांढरा अंबाडा. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला, शालनबद्दल एकच वाक्य बोलल्या, "बरी बुतांवां लायताली," म्हणजे बटणं छान लावायची. बाजूच्या खुर्चीत त्यांचे धाकटे भाऊ काजितानबाब. निवृत्त ढोरांचे डॉक्टर, काळेसावळे, पोट सुटलेले.

आणि रेशमी उशीवर बिजू! अहो, काय तो कुत्रा! वीतभर, कापसासारखा, डोळे म्हणजे दोन काळे मणी. लिस्बनहून भाच्याने आणलेला. तो शिंकला तरी बाई रुमाल घेऊन धावायच्या.

"सांग मास्तरा," बाई मुद्द्यावर आल्या, "रास कितें?"

मी ताठ बसलो. "वृश्चिक!"

"विश्चिक?" त्या भावाकडे वळल्या. "काजितान, आयकलां तुवें?"

काजितानबाबनी विचार केला. "रशियेंतलें आसतलें. थंय अशीं नांवां आसतात."

"रशिया नव्हे हो. अनुराधा."

"अनुराधा ही आवय?"

"नक्षत्र! चौथा चरण."

"चौथें पील," काजितानबाबनी बहिणीला समजावून दिलं.

"आणि योनी मृग," मी म्हणालो.

"मृग? म्हळ्यार हरण?" काजितानबाब खुर्चीत पुढे सरकले. चाळीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केलेला माणूस, पण चेहऱ्यावर केवढा आदर! "एर्मेलिंद, हें हरणाच्या पोटाक जालां म्हणटा मास्तर!"

आता बोलून उपयोग नव्हता. मी पत्रिका काढून बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली. चौकटी, आकडे, हळदकुंकवाचे ठिपके. "देवा," त्या पुटपुटल्या, "कितलें व्हड घराणें!" मग आत जाऊन त्यांनी त्यांचा कागद आणला. लाल मोहर, वळणदार अक्षरं. बिजूचा बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, आई, आईची आई, अशा पाच पिढ्या. मी बघतच राहिलो. मला पणजोबांपर्यंत नावं येतात, त्यापुढे अंधार. आणि या वीतभर जिवाच्या खापरपणजीचं नाव, गाव, केसांचा रंगसुद्धा लिहिलेला!

बाई माझा कागद कौतुकाने बघताहेत, मी त्यांचा. दोघांनाही दुसऱ्याचं एक अक्षर कळत नाही, आणि दोघांनाही धन्य वाटतंय!

काजितानबाबनी तेवढ्यात पिशवीतून नेवरीला बाहेर काढलं. कान पाहिले, दात पाहिले, पंजे दाबले. आणि मोठ्याने हसले. "खंयचें हरण आनी खंयची रशिया! केंस पोमेरानियाचे, कान गांवठी. हें मिस्तीस!"

"मिस्तीस?" मी विचारलं.

"भरसल्लें. मिसळ. हिची रास ना, मास्तर."

"नाही कशी? जोशीबुवांनी स्वतः काढली आहे!"

काजितानबाब माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. फार सज्जन माणूस. हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, रास म्हळ्यार जात. कुळी. पोर्तुगेज उतर तें. आकाशांतली रास न्हय."

एक शब्द. कोकणीतला मला न कळणारा एकच शब्द, आणि तो सापडायला मी कुत्री घेऊन नदी ओलांडून आलो होतो!

बाईंचा चेहरा मात्र पडला. "मिस्तीस जाल्यार जमचें ना. पीलां कशीं जातलीं कोण सांगतलें? एक धवें, एक काळें, एक तांबडें!"

"जावंदी!" काजितानबाब उसळले. "तूं आनी हांव एका आवयचीं. तूं गोरी, हांव काळो. आमकां कोणें भायर उडयले?"

"रास सांबाळची पडटा, काजितान."

"रास सांबाळ आनी वखदां दी! राशीच्या सुण्याचें नांव कागदार आनी दुयेंस आंगार. ह्या बिजूक दोन पांवडे चडूंक येना. मिस्तीस बारा वर्सां जगता, आनी सगळें समजता."

वखदां म्हणजे औषधं, दुयेंस म्हणजे आजार, पांवडे म्हणजे पायऱ्या; हे ऐकत असतानाच बिजू खोकला. बाई धावल्या. वाद पुन्हा सुरू. शुद्ध की भेसळ, मूळचं की मिसळलेलं. हा वाद मला फार ओळखीचा वाटत होता. मी नेहमी ज्या बाजूला बसायचो, तिथे आज बाई बसल्या होत्या, आणि माझी कुत्री समोरच्या बाजूला होती.

नेवरी फरशीवर दुमडून पडली होती. बाईंचं लक्ष गेलं. "भुकेल्लें दिसता."

"ती खात नाही," मी म्हणालो. "पाच महिने झाले. बघा." आणि नेहमीसारखं समजावलं, "नेवरी, ऊठ. जेवून घे."

शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही.

बाई आतून वाडग्यात पेज घेऊन आल्या. त्यात मीठ आणि बांगड्याचा तुकडा. गुडघे धरत धरत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "यो गो बाये. यो. पेज जेव गो, म्हजें भांगर तें." भांगर म्हणजे सोनं.

आता जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं.

नेवरीने मान उचलली. उभा कान उभा होताच, पडलेलाही उभा राहिला. तो कान उभा राहू शकतो हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं! ती उठली, बाईंभोवती एक फेरी मारली, मागच्या दोन पायांवर उभी राहून त्यांच्या हनुवटीला नाक लावलं, आणि मग वाडग्यात तोंड घातलं. वाडगा सरकत सरकत भिंतीला लागला तरी ती थांबेना. बिजू उशीवरून उतरून वास घ्यायला आला, तर तिने एकदाच अशी गुरगुर केली की तो पाच पिढ्यांसकट कपाटाखाली गेला.

काजितानबाब टाळ्या वाजवत होते. मी उभाच होतो. पाच महिने मला जे जमलं नव्हतं, ते चार शब्दांत झालं होतं.

"मास्तरा," बाईंनी विचारलं, "तूं तिचेकडेन कसो उलयतालो?"

"मराठीत."

"आनी शालन?"

मला माहीतच नव्हतं. दुपारी मी शाळेत असायचो. मी उंबरठ्यात पाऊल ठेवलं की घरात मराठी सुरू व्हायची. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मीच तिला म्हणालो होतो, आपण घरात शुद्ध बोलू या. म्हापशाकडची मुलगी, तिने मान डोलावली आणि अठरा वर्षं ते पाळलं. परसात, कुत्रीपाशी ती काय बोलायची, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

काजितानबाबनी नेवरीच्या पाठीवर हात फिरवला. "मास्तर, रागार जावं नाकात. हें मिस्तीस हुशार आसा. पूण ताका मराठी येना."

पाच महिने! पाच महिने मी एका कोकणी कुत्रीला प्रमाण मराठीत उपदेश करत होतो, आणि वर ती ऐकत नाही म्हणून डॉक्टर बोलावत होतो!

सोयरीक अर्थातच मोडली. वर कपाटाखालून बाहेर यायला तयार नव्हता. पत्रिका मात्र काजितानबाबनी मागून घेतली. वेणी बाईंनी अंबाड्यात माळली.

परतताना फेरीत गर्दी होती. मी पिशवीत वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "यो गो, नेवऱ्ये." शब्द तोंडात बसेनात. शेजारची मासेवाली हसली. पण दोन्ही कान पिशवीबाहेर आले, आणि तिने माझा अंगठा चाटला.

बाबीच्या दुकानात पुढे काय काय झालं ते विचारू नका. रोहिदास कितीतरी दिवस "मास्तर, शिकोवप केन्ना सोडटात?" एवढंच विचारत होता. शिकवणं मी सोडलं नाही. फक्त टेबलावर हात आपटणं सोडलं.

नेवरी त्यानंतर आठ वर्षं जगली. तिच्याशी मी रोज दोन वेळा कोकणीत बोलायचो. लिंगं चुकायची, क्रियापदं चुकायची, ती खपवून घ्यायची.

शालनशी मी तिच्या भाषेत एक वाक्यही बोललो नाही. ते राहून गेलं.